वाइंडिंग सेक्शनचं यान

आमच्या कंपनीत वाइंडिंग सेक्शनला आम्ही एकेचाळीस बायका होतो. त्यातल्या चाळीस जणींनी ती मालिका एकदाही पाहिलेली नव्हती. तरी कप्तान कधी चिडतो, इंजिनवाली बाई चिडली की पाना कशी आपटते, आणि परग्रहावरचा तो बिनभुवयांचा माणूस कोणाच्या बाजूनं बोलेल, हे सगळं त्या चाळीस जणींना पाठ होतं. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी आमच्या भाभींपाशी जावं लागेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतर लग्न होऊन मी उस्मानाबादकडून चिंचवडला आले. यजमान आकुर्डीच्या एका कारखान्यात होते. मी अकरावी पास, घरी बसवेना, म्हणून दोन वर्षांत मीही मोटारींच्या कंपनीत लागले. मोटारी म्हणजे रस्त्यावर धावतात त्या नव्हेत. पंपाला, पिठाच्या गिरणीला लावतात त्या, विजेच्या. मोटारीच्या आतल्या लोखंडी कड्याला खाचा असतात, त्या कड्याला स्टेटर म्हणतात. तांब्याच्या तारेचे गुंडाळे करून ते त्या खाचांत बसवायचे, एवढं आमचं काम. एक भरला की दुसरा. भरलेले स्टेटर ट्रॉलीवरून पुढच्या शेडमध्ये जायचे आणि तिथं पुरुष त्यांची मोटार करायचे. आपण भरलेली मोटार फिरताना कशी दिसते, हे आमच्यातल्या एकीनंही पाहिलेलं नव्हतं.

चाळीत आमच्या शेजारी भाभी राहायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, जन्म चिंचवडचाच. त्यांचे मालक, ज्यांना सगळी चाळ भाई म्हणायची, स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे. मुंबईचे टीव्हीचे कार्यक्रम सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून आमच्याकडे यायला लागले, तेव्हा भाईंनी कोणीतरी टाकून दिलेला सेट खटपट करून चालू केला. पत्र्यावर ॲल्युमिनियमची काठी उभी केली. ती सिंहगडाकडे वळवायची, मग आतून भाभी ओरडायच्या, "बस! बस! आता नको हलवू, माणसं दिसाय लागली!"

यान मी तिथंच पहिल्यांदा पाहिलं. शहात्तर साल असावं. मालिका इंग्रजीत होती आणि तिला चांगलंसं इंग्रजी नाव होतं, पण चाळीत तिला कोणी नावानं ओळखलं नाही. "यान लागलं" एवढंच म्हणायचे. गुरुवारी संध्याकाळी लागायची. औद्योगिक वसाहतीची सुट्टी गुरुवारीच असते, त्यामुळे मला ती मालिका माझ्यासाठीच लावतात असं वाटायचं.

गोष्ट साधी होती. सात माणसांचं एक यान. त्यांचं काम लढाईचं नव्हतं, दुरुस्तीचं होतं. आकाशात लांब लांब कुठं कुठं बंद पडलेली केंद्रं, दिवे, यंत्रं दुरुस्त करत हिंडायचं. दर भागात काहीतरी बंद पडलेलं असायचं आणि तिथं गेल्यावर कळायचं की ते आपोआप बंद पडलेलं नाही. इंजिनवाली बाई पन्नाशीची होती, केस पांढरे, हात काळे. ती पाना घेऊन इंजिनात शिरली की मी पुढं सरकून बसायचे. बाईमाणूस यंत्राच्या आत कंबरेपर्यंत शिरलंय आणि बाहेर सहा पुरुष नुसते वाट बघतायत, असं चित्र मी त्याआधी कुठं पाहिलं नव्हतं. मला अर्धं इंग्रजी कळायचं, अर्धं अंदाजानं. भाभींना एक अक्षर कळत नव्हतं, पण त्या माझ्याआधी हसायच्या आणि माझ्याआधी घाबरायच्या.

दोन वर्षं अशी मजेत गेली आणि एके दिवशी मालिकेची वेळ बदलली. गुरुवार संध्याकाळच्या जागी रविवार सकाळ. पुण्यामुंबईच्या लोकांना बरं झालं असेल. आमचा रविवार कामाचा. सकाळी आठला कार्ड पंच. मी त्या दिवशी इतकी हिरमुसले की यजमान म्हणाले, "अगं, नातेवाईक वारल्यासारखं काय तोंड करून बसलीस?"

भाभींनी तोडगा काढला. "तू जा कामाला. मी बघते, तुला सांगते. त्यात काय!"

त्या रविवारी मी कामावरून आले, चहा टाकला, आणि भाभी दारातच बसल्या. "सुन. यान निघालं ना, तर मध्येच कप्तान बोलला, मी नाही येत. का नाही येत? तर म्हणे पाठीमागं त्याची बहीण राहिली. कोण बहीण? अगं, इंजिनवाली! तीच त्याची बिछडी हुई बहन, पण तिला माहीत नाही!"

"असं म्हणाले ते?"

"म्हणायला कशाला पायजे? डोळ्यांत दिसतं की."

अर्ध्या तासाचा भाग भाभी तासभर सांगायच्या. हातवारे, आवाज, यानाची घरघर, सगळं. पुढच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा खाता खाता ती गोष्ट शेजारणीला सांगितली. तिच्या शेजारणीनं कान दिला. महिन्याभरात असं झालं की सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळा सेक्शन डबे घेऊन माझ्याभोवती गोल करून बसायचा. मी उशीर केला तर ओरडा व्हायचा. आमच्यात देहूकडची एक मावशी होती, सगळ्यांत जुनी. तिनं जन्मात टीव्ही पाहिला नव्हता. ती म्हणायची, "आधी त्ये सांग, त्या बिनभुवयाच्याचं बरं हाय का? मागल्या बारीला लई हाल झालं त्येचं."

पुढं कधीतरी टीव्हीवर जुने भाग पुन्हा दाखवले, ते मी भाईंच्या दुकानात पाहिले. कप्तान आणि इंजिनवाली बहीण-भाऊ नव्हतेच. कप्तान मागे का थांबला, तर त्याच्यावर चौकशी चालू होती. भाभींनी सांगितलेलं यान आणि इंग्रजीतलं यान ही दोन निराळी यानं होती, आणि आमच्या सेक्शनला माहीत होतं ते भाभींचं. मी कोणाला काही बोलले नाही. खरं सांगायचं तर भाभींचं जास्त बरं होतं.

आता खंडेनवमीचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडच्या सगळ्या कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. मशीन पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, आणि त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत यायला मिळतं. आमच्या कंपनीत खात्याखात्यांची सजावटीची स्पर्धा असायची. मशीन शॉपवाले दरवर्षी धबधबा करायचे, पेंट शॉपवाले किल्ला. फिरती ढाल या दोघांतच फिरायची. आम्ही दरवर्षी रांगोळी काढायचो आणि आम्हाला उत्तेजनार्थ मिळायचं.

ऐंशी साल. महिनाभर आधी जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला आणि कोणीतरी म्हणालं, "रांगोळीचा कंटाळा आला बाई." आणि दुसरी म्हणाली, "यान करूया?"

पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या. एकेचाळीस जणी चपातीचा तुकडा हातात धरून एकमेकींकडे बघत होत्या.

मावशीनं शंका काढली. "पर पूजा मशिनीची असती. यानात पूजा कशाची करायची?"

मी म्हणाले, "मावशी, आपलं वाइंडिंगचं मशीनच मधे ठेवू. तेच यानाचं इंजिन. बाकीचं त्याच्याभोवती उभारू."

"मग व्हय," मावशी म्हणाली. "मग काय अडचण न्हाई."

फोरमन साहेब पुण्याचे, शिस्तीचे, मिशीतल्या मिशीत बोलणारे. त्यांच्याकडे आम्ही तिघी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ते विमान-बिमान राहू द्या. तुमची रांगोळी छान असते." मावशी म्हणाली, "साहेब, रांगोळीवर दुपारनं लोकं पाय देऊन जात्यात." शेवटी साहेब म्हणाले, "उत्पादन कमी होता कामा नये. भंगारातलं सामान घ्या. आणि जेवणाच्या सुट्टीत नाहीतर सुट्टी झाल्यावर, सहापर्यंत."

काम सुरू झालं. पॅकिंगच्या लाकडी फळ्या, पत्र्याचे तुकडे, तारेच्या रिकाम्या रिळांचे ढीग. ती रिळं उलटी लावली की बटणांसारखी दिसायची. रंगावरून भांडण झालं. यान कोणत्या रंगाचं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलेलं सगळं काळंपांढरं. घरी येऊन भाभींना विचारलं, तर त्या ठासून म्हणाल्या, "हिरवं." मशीनला लावायचा हिरवा रंग आमच्याकडे डबेच्या डबे होता, म्हणून हिरवंच झालं. पुढं रंगीत टीव्ही आला तेव्हा समजलं की ते राखाडी होतं.

मशीन शॉपचे लोक येता-जाता डोकवायचे. "काय राव, पाळणा चाललाय का?" "बारसं कधी?" आम्ही ऐकून घ्यायचो. माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. यानाचा दरवाजा. मालिकेत माणूस नुसता समोर उभा राहिला की दरवाजा आपोआप सरकायचा. तो मला तसाच पाहिजे होता. ढकलायचा नाही, ओढायचा नाही. आपोआप. आणि तो आपण भरलेल्या मोटारीवर चालला पाहिजे.

तपासणीत किरकोळ खोटीमुळे बाजूला काढलेली एक मोटार साहेबांनी मिळवून दिली. दरवाजा चाकांवर बसवला, सायकलची चेन लावली. मेंटेनन्सचा एक वायरमन वीज जोडून द्यायला आला. बटण दाबलं. दरवाजा असा सुटला की समोरच्या खांबावर आपटून फळीच फुटली आणि चेन उडून मावशीच्या पायाशी पडली. बाहेर मशीन शॉपवाले टाळ्या वाजवून हसले. वायरमन म्हणाला, "बाई, ही मोटार पाणी उपसायची. हिला दरवाजा उघडायला लावताय. फार वेगानं फिरते. नाद सोडा."

खंडेनवमीला चार दिवस उरले होते. सगळ्यांची तोंडं उतरली. मी कामावरून सुटले ती थेट भाईंच्या दुकानात गेले. ते दुकान आवरत होते. सगळं सांगितलं.

भाईंनी विचारलं, "ताई, मोटार किती पोलची?"

"चार."

"मग सहा पोलची भरा. चुंबकाचे ध्रुव वाढले की वेग उतरेल. चेनला मागचं चक्र मोठं लावा, अजून उतरेल. भरायचं काम तुमचंच ना?"

मी तिथंच उभी राहिले. सहा वर्षं मी चार पोलचे गुंडाळे घालत होते. शेजारच्या रांगेतल्या बायका सहा पोलचे घालायच्या, संथ चालणाऱ्या मोटारींसाठी. पण एकातून दुसरं करता येईल, आणि ते मी करू शकेन, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. गुंडाळे घालायचे, ट्रॉलीवर ठेवायचे, एवढंच आपलं, असं मानून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर आम्ही ती मोटार उघडली. जुनं वाइंडिंग काढताना हात सोलले. सहा पोलच्या रांगेतल्या एकीनं गुंडाळ्यांचा तक्ता खडूनं फरशीवर काढला, मी आणि तिनं मिळून स्टेटर भरला, मावशीनं दोऱ्यानं टोकं बांधली. तिच्याएवढं घट्ट कोणी बांधत नसे. तिसऱ्या दिवशी तारांवर दिलेलं वार्निश वाळलं. भाईंनी घरी बसून एक स्विच करून दिला, एकीकडे दाबला की दरवाजा उघडेल, दुसरीकडे दाबला की मिटेल. आणि झिरोच्या बल्बांच्या दोन माळा, मधे ट्यूबलाइटचे स्टार्टर जोडलेले, त्यामुळे बल्ब आपोआप लुकलुकायचे. हे सगळं मी पिशवीत घालून गेटवर गेले. वॉचमननं पिशवी उघडली.

"हे काय, बाई?"

"यानाचा स्विच."

त्यानं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि साहेबांना फोन लावला. पलीकडून साहेब काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण वॉचमन एकदम म्हणाला, "जा, जा."

वायरमन पुन्हा आला, या वेळी मागं बरेच जण होते. मी स्विच दाबला.

मोटार गुरगुरली आणि दरवाजा सरकू लागला. सावकाश, एका चालीनं, थेट शेवटपर्यंत. थांबला. मी दुसरीकडे दाबलं. तसाच परत आला. मग मावशी पुढं झाली आणि तिनं मोटारीच्या अंगावर हात ठेवला. मोटार फिरत असतानाच. "थरथरती गं," म्हणाली. "जित्या जनावरावानी." मग एकेक करून सगळ्या आल्या आणि हात ठेवून गेल्या. एवढ्या वर्षांत हजारो मोटारी आमच्या हातांखालून गेल्या असतील. नीट फिरताना पाहिलेली ही पहिली.

वायरमननं आत वाकून नीट पाहिलं आणि टोपी मागं सारून विचारलं, "कोणी भरली?"

"आम्ही," चार-पाच जणी एकदम म्हणाल्या.

एक गोष्ट राहिली होती. भाभींना यान दाखवायचं. पण पास फक्त घरच्यांना. मी फॉर्म घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी भाभींचं मुसलमानी नाव वाचलं. मग पुढचा रकाना रिकामा होता त्यावर बोट ठेवलं. "नातं?"

"बहीण," मी म्हणाले.

साहेबांनी नावाकडे परत एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. पेन उघडलं, स्वतःच्या हातानं "बहीण" लिहिलं आणि सही केली.

खंडेनवमीला सकाळी आम्ही मधल्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, माळ घातली, नारळ फोडला. दहापासून लोकांची गर्दी. आमच्यातली एक पडद्यामागं स्विच घेऊन बसली होती. कोणी समोर आलं की दरवाजा आपोआप सरकायचा, आत हिरव्या भिंतींवर दिवे लुकलुकायचे, आणि मधे माळ घातलेलं आमचं मशीन. बघणारे "अरे!" म्हणून मागं सरायचे आणि मग परत यायचे. मशीन शॉपचे तेच हसणारे लोक तीन-तीनदा रांगेत उभे राहिले. त्यांच्या धबधब्यापाशी त्यांचं स्वतःचं माणूसदेखील उरलं नव्हतं.

भाभी अकराला आल्या, ठेवणीतली जांभळी साडी, डोक्यावरून पदर. दारासमोर येऊन उभ्या राहिल्या. दरवाजा सरकला. त्या आत गेल्या आणि चारी बाजूंना फिरून एकेक वस्तू तपासली, एखादा इन्स्पेक्टर तपासेल तशी. सगळा सेक्शन दारात दाटीनं उभा. आम्ही कप्तानासाठी एक खुर्ची केली होती, कँटीनमधली मोडकी, तिला पाठ लावून. भाभी तिच्यात बसल्या, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"बरोबर आहे," भाभी म्हणाल्या. "असंच असतं."

त्यावर जो गलका झाला, तो ढाल मिळाली तेव्हाही झाला नसेल. आणि ढालही मिळाली. परीक्षकांत मोठ्या साहेबांच्या मिसेस होत्या. त्यांनी दरवाजा चार वेळा उघडून बंद करून पाहिला. आमच्या सेक्शनचं नाव पुकारलं तेव्हा मावशीला पुढं ढकललं. ती ढाल डोक्यावर घेऊन आली, घागर आणावी तशी. फोरमन साहेब आमच्या मागं उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि शेजारच्या साहेबांना म्हणत होते, "सहा पोलची भरली, बरं का. त्यांनीच."

त्या वर्षी दसरा रविवारी आला होता. कंपनीला सुट्टी. खंडेनवमीला घरी निघताना कोणीतरी मला विचारलं, "उद्या यान लागतं ना गं?" आणि बाकीचं आपसूकच ठरलं.

सकाळी साडेनऊपासून बायका येऊ लागल्या. भोसरीहून, पिंपरीहून, मावशी तर देहूवरून एस्टीनं. भाभींची खोली दहा बाय दहाची. पंचवीस आत बसल्या, बाकीच्या दारात आणि खिडकीत. भाईंनी सेट टेबलावरून काढून माळ्याच्या कडेला उंच ठेवला आणि स्वतः पत्र्यावर जाऊन काठी धरून उभे राहिले, न जाणो चित्र हललं तर.

यान लागलं. दोन वर्षं जे नुसतं ऐकलं होतं ते पडद्यावर आलं, आणि बायकांनी एकेकाला ओळखून काढलं. "हा कप्तान! जाडा आहे की!" "बिनभुवया बघ, बिनभुवया!" मावशी त्याला पाहून एवढंच म्हणाली, "सुकलाय." इंजिनवाली पाना घेऊन आली तेव्हा टाळ्या पडल्या. दरवाजा सरकला तेव्हा खिडकीतून एक म्हणाली, "आपला जास्त गुमान सरकतो," आणि त्यावर कोणाचंच दुमत झालं नाही.

मग पडद्यावरचे लोक इंग्रजीत बोलू लागले. सगळ्यांनी माना वळवल्या. मला वाटलं माझ्याकडे, कारण इंग्रजी थोडंफार मलाच येत होतं. पण त्या भाभींकडे वळल्या होत्या.

भाभींनी पदर सावरला. "कप्तान म्हणतो, बहिणीला आता सगळं सांगून टाकणार."

पडद्यावर कप्तान इंधन किती उरलंय ते विचारत होता. माझ्या शेजारच्या, सहा पोलच्या रांगेतल्या मैत्रिणीनं मला कोपरानं हलवलं आणि हळूच विचारलं, "खरंच असं म्हणतोय?"

"अगदी असंच," मी म्हणाले.